दाणा पडेना

"बेहड्याच्या ढोलीत कोण बसली कोंडून,
धनी देतो घास घास चोचीमधून निवडून..."

हा आवाज तुळजाबाईचा. तनुजानं तो ऐकला त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. कॉलेजात असताना ती झाडं मोजायला वेल्ह्याकडच्या डोंगरात गेली होती आणि तुळजाबाईच्या पडवीत उतरली होती. उजाडताना ती बाई ओणवी होऊन अंगण सारवायची आणि हाताच्या फिरण्याबरोबर गात राहायची. ही कोंडून बसली ती कोण, असं तनुजानं विचारलं, तेव्हा शेणाचा हात न थांबवता ती म्हणाली होती, "धनेसाची मादी गं. अंडी घालायची असली की ढोलीत शिरती आन् आतनं दार लिंपून घेती. चोच जाईल येवढी फट ठेवती निस्ती. मग बाहेर धनी मेला तर ती बी मेली, आन् झाड तुटलं तर समदीच." आणि गाणं पुन्हा सुरू. जणू फार काही सांगितलंच नव्हतं.

त्या दोन ओळींनी पोरीचं वाटोळं केलं, असं तनुजाची आई अजून म्हणते. बँकेची परीक्षा पास झालेली मुलगी, ती दुसऱ्यांची रानं राखायच्या मागं लागली. रानं तरी स्वतःची असावीत!

आणि आज, फाल्गुनातल्या रविवारी, ती दुसऱ्यांची रानं राखणारी मुलगी कोथरूडमधल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, चपलांच्या ढिगाला लागून बसली होती. हॉलमध्ये माणसं दाटीवाटीनं बसलेली. पंखा बंद. खिडक्या बंद. घाम मानेवरून पाठीत उतरत होता, आणि सगळ्यांचे डोळे तांदळाच्या दोन दाण्यांवर खिळले होते.

दाणा पडत नव्हता.

हे प्रकरण इथवर कसं आलं ते सांगायला हवं.

आंबेघोळ नावाच्या गावाच्या माथ्यावर पोळेकरांचं रान आहे. सरकारी नाही, पोळेकरांच्या मालकीचं. डोंगरात अशी कितीतरी रानं माणसांच्या नावावर आहेत, हे पुण्यात कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. बेहडे, हिरडे, जांभळी, वर चढत गेलेल्या वेली, शेकरूची घरटी, आणि मधोमध एक जुना ढोलीचा बेहडा. दरसाल शिमग्याच्या सुमाराला धनेशाची जोडी तिथं येते. हे सगळं एका उन्हाळ्यात जाऊ शकतं. मालकांनी ठेकेदाराला 'हो' म्हटलं की करवत लागते, आणि पावसाळ्याआधी डोंगर न्हाव्याकडून उठून आल्यासारखा दिसतो.

तनुजाची संस्था अशा मालकांना रान राखायला मदत करायची. दहा वर्षं तोड करायची नाही, असा करार. त्या बदल्यात दरसाल काही रक्कम, गावातलाच एक राखणदार, आणि झाडाखाली पडलेल्या बेहड्या-हिरड्यांना बरा भाव. कागदावर सोपं वाटतं. पण पोळेकरांच्या सातबाऱ्यावरची नावं एका दमात वाचून होत नव्हती, आणि त्यातलं एकही माणूस आंबेघोळात राहत नव्हतं. कुणी धनकवडीत, कुणी कात्रजला, कुणी स्वारगेटच्या मागे. एकाचं बुधवार पेठेत वायरी आणि दिव्यांच्या माळांचं दुकान होतं. तो दोन गिऱ्हाइकांच्या मधे जेवढं मावेल तेवढंच बोलायचा. "मॅडम, रान चांगलंच आहे हो... काय पाहिजे दादा? टू पिन का थ्री पिन?... तर चांगलंच आहे. पण आमचं एकट्याचं थोडंच आहे?"

तनुजा सगळ्यांचे जिने चढली. सगळ्यांकडचा चहा प्यायली. आणि सगळ्यांनी शेवटी एकच वाक्य ऐकवलं, "आबा म्हणतील तसं."

आबा म्हणजे बजरंग पोळेकर, भावकीतले थोरले. जन्मभर स्वारगेटच्या डेपोत कंट्रोलर होते. कोणती गाडी कधी सुटायची ते त्यांच्या शिट्टीवर ठरायचं. हा माणूस तरी एक घाव दोन तुकडे करील, या आशेनं तनुजा त्यांच्याकडे गेली. आबांनी सगळं शांतपणे ऐकलं, नकाशा उलटसुलट करून बघितला, आणि म्हणाले, "माझी ना न्हाई, मॅडम. पर ते भैरीचं रान हाय. देव म्हणंल तसं."

"देवाला कधी विचारायचं?"

"इचारू की. देवाला घाई करायची नसती."

आयुष्यभर गाड्या वेळेवर सोडलेला माणूस हे म्हणत होता!

आंबेघोळात देवाला विचारायची जुनी रीत आहे. तिला कौल लावणं म्हणतात. भिजवलेल्या तांदळाचे दोन दाणे देवाच्या छातीवर चिकटवायचे, एक उजवीकडे, एक डावीकडे. मग गाऱ्हाणं घालायचं आणि थांबायचं. उजवा दाणा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. गावी हे देवळातल्या दगडासमोर व्हायचं. पण देवळाकडं बघणारं कुणी उरलं नाही, तेव्हा आबांनी भैरीचा टाक, म्हणजे देव कोरलेला चांदीचा पत्रा, कोथरूडला आणला. आता देव टीव्हीशेजारच्या देव्हाऱ्यात राहायचा. वाऱ्यानं दाणा उडू नये म्हणून कौलाच्या वेळी पंखा बंद ठेवायचे, एवढाच काय तो शहराचा फरक.

पहिल्या कौलाच्या वेळी तनुजा अगदी भारावून गेली होती. आबांनी धोतर नेसलं होतं. उदबत्ती लावली, दाणे लावले आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं. "बा भैरीनाथा, तुझं रान दहा वरसं राखायला देऊ का? द्यायचं असंल तर उजवा दे. न्हाई तर डावा दे." सगळे श्वास रोखून बसले.

अर्धी उदबत्ती जळली. मग सगळी जळली. दाणे जागच्या जागी.

"देव बोलंना," आबा म्हणाले. "पुढच्या ऐतवारी बघू."

पुढच्या रविवारीही तेच. कुणी म्हणालं, लिफ्टच्या आवाजानं देव बावरला असेल. कुणी म्हणालं, शेजारच्या फ्लॅटमध्ये मिक्सर लावला होता. बुधवारातला दुकानदार म्हणाला, "देवाला तिसरा मजला मानवत नसेल. पूर्वेकडचा फ्लॅट बघायला पाहिजे होता." सगळे हसले, आबा सोडून.

हसण्यात सगळ्यात मोठा आवाज पृथ्वीराजचा. हा आबांचा पुतण्या. पांढरा शर्ट, डोक्यावर गॉगल, प्लॉटचा धंदा. लाकूड ठेकेदाराशी बोलणं त्यानंच चालवलं होतं. झाडं काढायची, मग उतारावर फार्महाऊस. जिना उतरताना तो तनुजाला म्हणाला, "मॅडम, तुमच्या संस्थेत देवासाठी वेगळं प्रेझेंटेशन नाही का? स्लाइड वगैरे?"

ऑफिसात दत्तप्रसाद होता. तनुजाचा वरिष्ठ. सदाशिव पेठेत वाढलेला, आणि ते त्याच्या प्रत्येक वाक्यातून कळायचं.

"म्हणजे सगळ्यांच्या सह्या तयार आहेत," तो चष्मा पुसत म्हणाला, "फक्त देवाचं केवायसी राहिलंय."

"चेष्टा नको. मी काय करू सांग."

"मी काय सांगणार? ज्यांच्याकडून निधी येतो त्यांना मार्चअखेर अहवाल द्यायचाय. मी लिहितो, जमीनमालक अनुकूल, देवता मौन."

"दत्तप्रसाद!"

"अगं, मग तूच सांग, काय लिहू? पोळेकर नसतील तर निधी दुसऱ्या रानाला जाईल. तेही रानच आहे. तिथं फक्त देव जरा बोलका हवा."

तनुजा हेल्मेट उचलून निघाली. बोलायला गेली असती तर रडली असती, आणि दत्तप्रसादसमोर रडण्यापेक्षा कर्वे रस्त्यावर सिग्नलला थांबून हेल्मेटच्या आत रडलेलं परवडतं. पुढच्या स्कूटरवरच्या मुलीनं आरशातून तिच्याकडे बघितलं आणि नजर वळवली.

राग कुणावर काढायचा हेच कळत नव्हतं. करवतवाल्यावर काढावा, तर त्याचा तो धंदा. पोळेकरांवर काढावा, तर कुणीच नाही म्हणत नव्हतं. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं. हो म्हणून हात जोडणाऱ्याशी काय भांडणार? आणि देवावर राग काढायची तिला सवय नव्हती.

त्याच आठवड्यात आंबेघोळहून आनंदचा फोन आला. संस्थेनं राखणदार म्हणून नेमायचा ठरवलेला गडी तो. "मॅडम, ठेकेदाराची माणसं आलीत बघा. पाण्याजवळ खोपटं घातलंय. शिमगा झाला की करवत लावणार म्हणत्यात."

"कौल झालेला नाही अजून!"

"ते मी सांगितलं. त्ये म्हणत्यात, व्हईल की." मग थोडं थांबून, "आन् धनेस आल्यात. मादी ढोलीत डोकं घालून बघतीय. आज-उद्या आत जाईल."

त्या संध्याकाळी तनुजानं घरी एक वेडेपणा केला. दुसऱ्या कुणी केला असता तर तिला हसू आलं असतं. तिनं मूठभर तांदूळ पाण्यात भिजत घातले, स्टीलची ताटली भिंतीला उभी टेकवली आणि तिच्यावर दोन दाणे चिकटवले. आणि स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. चहा उकळायच्या आत एक दाणा टपकन खाली आला. तिनं पुन्हा लावले. पुन्हा पडला, या वेळी दुसरा. पंखा बंद करून लावले. पडले. ओलावा सुकला की दाणा सुटतो, यात देवाचं, लिफ्टचं, मिक्सरचं काही काम नव्हतं.

"काय चाललंय?" आईनं विचारलं.

"कौल लावतेय."

"लग्नाचा असेल तर मला आधी सांग," आई म्हणाली आणि निघून गेली.

तर या रविवारी तनुजा मुद्दाम लवकर आली. भावकी अजून जमत होती. खाली गाड्या लावायला जागा नसल्याचं भांडण जिन्यातून वर ऐकू येत होतं. आबा आंघोळीला गेले होते. "पाणी घेते हं," असं कुणाला तरी सांगून ती स्वयंपाकघरात शिरली.

चंद्रभागाकाकू ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. आबांच्या पत्नी. या घरात तनुजा इतक्यांदा आली होती, तिनं दर वेळी त्यांच्या हातचा चहा घेतला होता, "छान झालाय हं काकू" म्हटलं होतं आणि पुन्हा नकाशात डोकं घातलं होतं. त्यापलीकडे त्यांच्याशी बोलल्याचं तिला आठवेना. त्यांचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं.

ओट्यावर पितळी वाटी होती. वाटीत कौलाचे तांदूळ. पण त्यावरचं पाणी दुधासारखं दाट. तनुजानं बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं. बोटं एकमेकांना चिकटली.

"काकू, ही पेज आहे."

"व्हय," काकू मागं न वळता म्हणाल्या. "पेजच हाय."

"कौलाचे तांदूळ साध्या पाण्यात भिजवतात ना?"

"भिजवत्यात की."

तनुजाला पहिल्यांदा हसू आलं आणि लगेच त्याच वाटेनं संताप आला. ते बंद पंखे, तो घाम, दत्तप्रसादचे टोमणे, हेल्मेटातलं रडणं. आवाज दाबत ती म्हणाली, "म्हणजे इतके रविवार तुम्ही... तुम्ही पृथ्वीराजच्या बाजूच्या आहात?"

"त्या करवतवाल्याच्या? जीभ आवरा बाई."

"मग आमच्या बाजूच्या असाल तर..."

"तुमच्या बी न्हाई." काकू आता वळल्या. हात पदराला पुसले. "उजवा पडला तर तुमचा कागद. डावा पडला तर त्याची करवत. तांदळाचा दाणा तो, कुठला बी पडंल. मी कशाला माझं रान जुगारावर लावू? पडलाच न्हाई तर कुणाचंच चालत न्हाई. रान हाय तिथं हाय."

माझं रान. एवढ्या घरांमधून, एवढ्या सह्यांच्या मागं हिंडताना हा शब्द तनुजानं कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. सगळे 'आमचं' म्हणत, आणि म्हणताना दुसऱ्याकडं बघत.

बाहेर कुणीतरी सतरंजी झटकली. वेळ थोडा होता. तनुजा पुढं झाली, आणि तिच्या तोंडून जे गेलं ते तिचं तिलाच खरं वाटेना.

"काकू, मग एक करा. डाव्या दाण्याला पेज ठेवा. उजव्याला साधं पाणी."

काकू तिच्याकडं बघत राहिल्या. कुकरची शिट्टी झाली तरी नजर हलली नाही.

"देवाला गप बसवलं, त्येचं पाप माझं. ते मी भोगीन," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पर त्याच्या तोंडात खोटा सबुद घालू? ते हुयाचं न्हाई."

"तिकडे खोपटं बांधलंय हो! शिमगा झाला की तोड. तुम्ही असं गप्प बसवून किती दिवस निभावणार?"

"निभतंय तवर निभतंय."

"नाही निभणार. त्यांना घाई आहे. ते देवासाठी थांबलेत, तुमच्यासाठी नाही!"

हे लागलं असावं. काकूंनी तोंड फिरवलं, गॅस बारीक केला. काहीतरी बोलायला ओठ हलले, तोच बाहेरून आबांची हाक आली. "अगं ए, तांदूळ आण! मंडळी आली."

काकूंनी वाटी उचलली आणि तशीच बाहेर नेली. पेजेसकट.

तर दाणा पडत नव्हता. उदबत्ती सरत आली. धनकवडीचे दोघे आडून मोबाइलवर मॅच बघत होते. आबांच्या कपाळावर घामाचे थेंब होते, ते पुसायलाही त्यांनी हात हलवला नव्हता. शेवटी पृथ्वीराजनं घसा खाकरला.

"काका, एक बोलू? राग नका मानू."

"बोल."

"आपण देवाला काय विचारतोय? रान राखायला देऊ का. किती वेळा विचारलं? देव 'हो' म्हणाला? तर नाही. आता कुणी आपल्या पोरीला मागणी घातली आणि आपण उत्तरच दिलं नाही, तर समोरचा काय समजतो? सिंपल आहे. होकार नाही. म्हणजे मॅडमचा विषय संपला. उरला आपला विषय, त्याला देवानं कधी अडवलेलं नाही."

खोलीत हालचाल झाली. सुटल्यासारखी. बुधवारातला दुकानदार म्हणाला, "तसं बघितलं तर पॉइंट आहे." मॅच बघणाऱ्यांनी माना डोलावल्या. कुणाला रान तोडायचं होतं असं नाही. सगळ्यांना रविवार परत हवा होता.

तनुजा उभी राहिली. "आबा, देव बोलला नाही याचा अर्थ नाही म्हणाला असा होत नाही. तुम्हीच सांगितलं होतं, उजवा किंवा डावा..."

"मॅडम," पृथ्वीराज गोड आवाजात म्हणाला, "तुमच्या ऑफिसचं सगळं ऐकून घेतलं आम्ही. पण देव आमचा आहे. विथ रिस्पेक्ट, आपण बसा."

ती बसली नाही. जिभेच्या टोकावर एकच शब्द होता, पेज. तो उच्चारला असता तर कौल मोडला असता, पुन्हा लावावा लागला असता, कदाचित गावी जाऊन. निदान शिमगा टळला असता. धनेशाची मादी एकदा आत कोंडून बसली की पिलं बाहेर येईपर्यंत तरी थांबा, असं आबांना विनवता आलं असतं. एवढा एकच शब्द. आणि तो उच्चारल्यावर या घरात काकूंचं काय झालं असतं? जन्मभर देवाची भांडी घासलेली बाई. शिवाय उजवा दाणा पाडायला सांगणारी तनुजा कोण मोठी सत्यवादी लागून गेली होती! शब्द तसाच राहिला, कडवट, दाढेत अडकलेल्या सालीसारखा.

आबा टाकाकडं बघत होते. त्यांचा चेहरा फार थकलेला दिसला. मग त्यांनी हात जोडले.

"बा भैरीनाथा," ते म्हणाले, आणि आवाजात खणखण नव्हती. "तू बोलत न्हाईस. आमी मानसं हाओत, आमाला किती कळणार? पृथ्वी म्हणतोय तसं, तुझी हरकत न्हाई असं धरून आमी..."

"थांबा."

चंद्रभागाकाकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. कप एकमेकांवर किणकिणत होते. त्या चार पावलं आत आल्या, वाकल्या आणि ट्रे बरोबर मधोमध, सतरंजीवर ठेवून दिला. कुणी कप उचलला नाही.

"देव गप न्हाई," त्या म्हणाल्या. "मी गप केलाय त्याला. तांदूळ पेजंत भिजवले मी. दर खेपंला."

शेजारच्या फ्लॅटमध्ये मिक्सर सुरू झाला आणि बंद झाला.

"काकी, काहीतरीच काय!" पृथ्वीराज हसला, पण हसणं अर्ध्यावर थांबलं. कारण आबांनी हात पुढं करून नखानं उजवा दाणा खरवडला होता. दाणा सुटला. त्याच्यासोबत सुकलेल्या पेजेचा पांढरा पापुद्रा निघाला. आबांनी तो तळहातावर घेतला आणि बघत राहिले.

"या मॅडमनी शिकवलं तुम्हाला," पृथ्वीराज म्हणाला.

"त्या कशाला शिकवतील? त्यांनी आजच बघितलं. त्या म्हणत व्हत्या, उजवा पाडा. मी न्हाई म्हणले."

सगळ्या माना तनुजाकडं वळल्या. तिच्या कानशिलांतून आग निघाली. दत्तप्रसाद अहवालात हे काय म्हणून लिहील, असा एक मूर्ख विचार तिच्या मनात येऊन गेला. ती खाली मान घालून उभी राहिली. बाई खरं तेच बोलत होती.

"काकी," पृथ्वीराजचा गोडवा संपला होता, "सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का?"

"न्हाई."

"मग तुमचा यात संबंध काय?"

काकूंनी त्याच्याकडं बघितलंच नाही. त्या आबांकडं बघत होत्या. आबांचा तळहात अजून उघडा होता.

"का गं?" आबांनी विचारलं. रागानं नाही. त्यांना खरंच कळत नव्हतं. "जन्मभर तुझ्या हातचे तांदूळ देवाला लावले मी. का केलंस?"

काकूंनी पदर खांद्यावरून पुढं घेतला, हातात धरला, सोडला. एवढ्या माणसांसमोर, एवढ्या मोठ्यानं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"तुमी स्वारगेटला गाड्या सोडत व्हता, तवा मी त्या रानात हिंडत व्हते. सरपन आणलं तिथनं, करवंदं आणली. रडायचं असलं तरी तिथंच जायची, घरात रडायला जागा कुठं व्हती? मग तुमी म्हणालात चल पुण्याला, आले. देव बी आणलात. रान तेवढं आणता येत न्हाई. आता गुडघे ऱ्हायले न्हाईत. मी काय परत तिकडं जायची न्हाई. पर ते उभं हाय येवढं ठाऊक असलं की मला हितं झोप लागती."

"मग आधी बोलायचंस," आबा पुटपुटले. "मला सांगायचंस."

"न्हाई बोलले. देवाच्या आड बसले. म्हणलं, देवाचं ऐकतील, माझं कोण ऐकतंय? आता बोलते. ह्येच्यात देवाचं नाव घेऊ नका. ह्या बाईंचा कागद बी बाजूला ठेवा. मला ते रान पाहिजे. मला. उभं."